डॉक्टर, नुसतं ‘काही नाही’ म्हणू नका

महाराष्ट्रातल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांना,



मी सांगलीचा विमा एजंट. बावीस वर्षं हाच धंदा. तुमच्यापैकी काहींच्या दवाखान्यात मी येऊन गेलोय, पण पेशंट म्हणून नव्हे. दुपारी ओपीडी आटोपून तुम्ही डबा उघडता, त्या वेळेला मी कागद घेऊन दारात उभा असतो. उद्या पेशंटनं ग्राहक मंचात खेचलं तर काय, हा माझा पहिला प्रश्न. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं डॉक्टरी सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसवली, तेव्हापासून या एका प्रश्नावर कित्येक एजंटांची घरं चालली. तुम्ही घाबरता, मी सही घेतो. भीती कशी विकतात ते मला ठाऊक आहे. हे पत्र मी स्वतः विकत घेतलेल्या भीतीबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझी डावी पोटरी उडायला लागली. रात्री जेवून पाय पसरून बसलो होतो, पायजमा गुडघ्यापर्यंत सरकलेला. कातडीखालून कुणी टिचकी मारावी तसं झालं. थोड्या वेळानं परत. वाकून बघितलं तर पोटरीच्या आतल्या बाजूला सुपारीएवढा भाग टपटप उडताना चक्क दिसत होता. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या. पाय हलवला की थांबायचं, सैल सोडला की सुरू. आमच्याकडं याला नस उडणं म्हणतात. चार दिवसांनी डावी पापणी लवायला लागली आणि आठवड्याभरानं उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा.

आईला सांगितलं तर तिनं विचारलं, “पापणी उजवी का डावी?” पुरुषाची उजवी लवली तर चांगलं. डावी म्हटल्यावर ती गप्प झाली आणि शनिवारी मारुतीला तेल घालून आली. मी हसलो नाही. कण्वाच्या आश्रमात पाऊल टाकताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो आणि भर दरबारात नाकारली जाण्याआधी शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, हे कालिदासानं उगाच घातलेलं नाही. प्रेक्षकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. अंग आपोआप हललं की तो कसला तरी निरोप आहे, ही समजूत आपल्यात इतकी मुरलेली आहे. आई तो निरोप एका पद्धतीनं वाचते. मी मोबाइलवर वाचला. तीन शब्द टाकले आणि चौथ्या ओळीत मोटर न्यूरॉन डिसीज आला.

हे नाव मला नवं नव्हतं, तीच तर गोची होती. आमच्या गंभीर आजारांच्या यादीत कॅन्सर, हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांच्या रांगेत तेही असतं. बावीस वर्षांत त्या ओळीवर एकच क्लेम भरलेला. चित्रकलेचे मास्तर होते. खडू हातातून निसटतो म्हणून दाखवायला गेले, आणि वर्षभरात अशी वेळ आली की क्लेमच्या फॉर्मवर सही करता येईना. त्यांच्या घरी कॉटवर बसून मीच त्यांचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला. अंगठ्याखालची मांसल गादी पार बसून गेली होती, तिथं नुसती खोबण उरली होती. मास्तर म्हणाले, “नीट उठलाय का बघा हो.” बोलणं जड झालं होतं, पण नजर चित्रकाराचीच होती. क्लेम पास झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी माझी पोटरी उडाली.

युरोप-अमेरिकेत या आजाराचे वर्षाला लाखामागे साधारण दोन नवे रुग्ण सापडतात. लाखात दोन हा आकडा माझ्या धंद्यात जवळजवळ शून्य धरतात. लोकांना समजावताना मी असे आकडे तोंडपाठ म्हणतो. पण त्या दोघांपैकी एकाचा अंगठा मी हातात धरला होता, आणि मग लाखाचं काय करायचं ते कळेना.

पुढचे पाच महिने मी काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यासमोर बसलेला पेशंट हे आपणहून सांगत नाही. त्याला लाज वाटते. मी सकाळी दात घासायच्या आधी आरशात जीभ बाहेर काढून बघायचो, ती थरथरते का. थरथरायचीच. कुणाचीही बाहेर काढलेली जीभ थरथरते, बघायची असते ती तोंडात आत विसावलेली असताना, हे मला फार उशिरा कळलं. जिन्यावर कुणी नसलं की टाचांवर चालायचो, मग चवड्यांवर. दोन्ही हातांच्या तळव्यांचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेवायचो. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन दर रविवारी दोन्ही पोटऱ्या मोजायचो आणि ज्या डायरीत हप्त्यांच्या तारखा असतात तिच्या मागच्या पानावर लिहायचो. उजवी साडेछत्तीस, डावी छत्तीस. पुढच्या रविवारी उजवी छत्तीस, डावी पावणेछत्तीस. त्या पाव सेंटिमीटरनं माझी एक अख्खी रात्र खाल्ली.

इचलकरंजीला एका लग्नात मंगल कार्यालयाच्या मागच्या बोळात टाचांवर चालत होतो. परत फिरलो तर मागं एक पाच-सहा वर्षांचा पोरगा, त्याच्या मागं आणखी दोघं, तिघंही टाचांवर, हात पसरून, हसत. त्यांना वाटलं, खेळ आहे. मी पण दोन फेऱ्या मारल्या त्यांच्याबरोबर. मग गाडीत जाऊन बसलो आणि रडलो. जेवलो नाही, बायकोनं पित्ताचं कारण सांगून वेळ मारून नेली.

आता तुमच्याकडं येतो. पहिले डॉक्टर घराजवळचे. मी पायजमा वर करायला वाकलो तेवढ्यात त्यांनी पेन उचललं होतं. “काही नाही हो. टेन्शन कमी करा.” आणि बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल, पंधरा दिवसांच्या. डॉक्टर, काहीच नाही तर पंधरा दिवसांच्या कॅप्सूल कशाच्या? तुम्ही तोंडानं एक सांगता आणि कागद दुसरं सांगतो, आणि घाबरलेला माणूस नेहमी कागदावर विश्वास ठेवतो. मीही माझ्या गिऱ्हाइकांना तेच शिकवलंय, तोंडी काही ऐकू नका, लेखी बघा.

दुसऱ्यांनी पाठीच्या मणक्याचा एमआरआय लिहून दिला. आलेल्या रिपोर्टात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती किंचित फुगलेली निघाली. पन्नाशीच्या आसपासच्या, कसलाच त्रास नसलेल्या कितीतरी माणसांची ती तशी निघते. पण हे मला कुणी सांगितलं नाही. एक भीती घेऊन गेलो होतो, दोन घेऊन आलो.

मग मिरज. आमच्याकडं कुठलंही दुखणं हट्टाला पेटलं की “मिरजेला दाखवलं का?” असं विचारतात. तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी हातोडीनं गुडघे, घोटे, कोपर ठोकून बघितले आणि ईएमजी केला. बारीक सुई स्नायूत घालतात आणि मशिनवर त्याचा आवाज ऐकू येतो. विसावलेला स्नायू गप्प असतो, आवळला की कडकडाट करतो. माझे सगळे स्नायू विसाव्याला गप्प होते. “नॉर्मल आहे. मनाचे खेळ आहेत,” असं म्हणून त्यांनी पुढच्याला बोलावलं. बाहेर वीस-पंचवीस माणसं, एक म्हातारी तर स्ट्रेचरवर. त्यांच्या जागी मीही तेवढंच बोललो असतो.

त्या नॉर्मलवर मी अकरा दिवस जगलो. चांगले गेले. बाराव्या दिवशी डोक्यात आलं की सुई डाव्या पायात घातली होती आणि आता उडतोय उजवा दंड.

टेस्टनं मिळालेला धीर असाच असतो. त्याची मुदत संपते आणि हप्ता भरावा लागतो, आणि प्रत्येक वेळेला हप्ता वाढतो. आणि ‘मनाचे खेळ’ या शब्दांनी तर काहीच हाती लागत नाही. पोटरी उडताना डोळ्यांनी दिसत होती. मनाचा खेळ बायकोला कसा दिसेल? तिलाही दिसत होता. मग मी असा निष्कर्ष काढला की डॉक्टरांचं लक्षच नव्हतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

यातून मला ज्यांनी काढलं ते गावभागातले सत्तरी ओलांडलेले डॉक्टर. लहानपणी मला गोवर आला तेव्हापासूनचे. त्यांनी मला टेबलावर झोपवलं, पायजमा वर घेतला, खुर्ची ओढून बसले आणि पाच मिनिटं नुसती माझी पोटरी बघत राहिले. पंखा बंद करायला लावला. पोटरी उडाली तेव्हा म्हणाले, “हं, ही बघ.” तेवढ्यानं माझा अर्धा ताप उतरला. कुणीतरी तिला पाहिलं होतं. मग हातोडी झाली, टाचा झाल्या, चवडे झाले, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कागद धरायला लावून तो ओढून बघितला, तोंड उघडून आत पडलेली जीभ बघितली.

“हे आहे,” ते म्हणाले. “काही नाही असं नाही. याला नाव आहे, बिनाइन फॅसिक्युलेशन. बिनाइन म्हणजे निरुपद्रवी. आणि नस उडत नाही रे, स्नायू उडतो.”

प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून त्यांनी पाठीमागं चित्र काढलं. मणक्यातली एक चेतापेशी, तिच्यापासून निघालेली लांब तार आणि तारेच्या टोकाला फुटलेल्या फांद्या. एका पेशीच्या ताब्यात स्नायूचे किती तंतू? डोळा फिरवणाऱ्या स्नायूत दहाएक, कारण तिथं काम नाजूक. पोटरीत हजाराच्या वर, कारण तिथं जोर लागतो. मधली तार कधी कधी हुळहुळी होते आणि वरून हुकूम आलेला नसताना आपलीच ठिणगी टाकते. मग तिच्या हाताखालचे हजार तंतू एकदम आवळतात आणि कातडीवर टिचकी दिसते. जागरणानं होतं, दमणुकीनं होतं, चहा-कॉफीनं होतं, काही औषधांनी होतं, काळजीनं तर हमखास.

“चहा किती पितोस?”

मी मोजायला लागलो. एजंटाला कुणाच्या घरी चहाला नाही म्हणता येत नाही, नाही म्हटलं की पॉलिसी गेली. दहा कप तरी.

“आणि मास्तरांचं तसं नव्हतं. त्यांचा जोर आधी गेला. खडू निसटला, मग बाकी सगळं. तुझ्या चिमटीतनं मला कागद ओढता आला नाही.”

हे वाक्य मी आजही कधी कधी मनात म्हणतो.

शेवटी त्यांनी कागद सुलटा करून माझ्या हातात दिला. समोरची बाजू कोरी होती. थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम माझं आधीच तपासून झालं होतं. ते रिपोर्ट बघून म्हणाले, झाल्या तेवढ्या पुऱ्या, आता पुन्हा नको. “पोटरीला औषध नाही. पण तुला दुसरा आजार आहे, त्याला आहे.” आणि एका मानसोपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता त्यांनी भर दवाखान्यात, कंपाउंडर ऐकत असताना, दातांच्या डॉक्टरचा सांगावा तसा सांगितला. आवाज खाली आणला नाही. तुमच्यातले बहुतेक जण इथं आवाज खाली आणतात आणि तिथंच पेशंट निसटतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ साली आपल्या निदानाच्या ग्रंथातनं ‘हायपोकॉन्ड्रियासिस’ हे जुनं नाव काढून टाकलं, कारण त्याची शिवी झाली होती. मराठीत अजून वहमी आणि संशयी हेच शब्द आहेत. मला त्या बाईंनी ‘आजाराची चिंता’ एवढंच साधं नाव दिलं. त्यांच्याकडं आठ वेळा गेलो. त्यांनी पोटरीबद्दल फार विचारलं नाही, टेपबद्दल विचारलं. मोजावंसं वाटलं की डायरीत आकडा नाही, वेळ लिहायची, आणि दहा मिनिटं थांबायचं. मग वीस. आणि बायकोला सांगितलं की “मला काही झालं नाही ना?” असं यांनी विचारलं तर उत्तर देऊ नका. दर उत्तराबरोबर प्रश्न वाढतो. बायकोला हे फारच आवडलं. दिवसातनं सात-आठ वेळा “नाही हो, काही नाही” म्हणून ती कंटाळली होती. आता ती म्हणायची, “अहो, एक तारखेला विचारा.”

एक तारीख म्हणजे डॉक्टरांनी दिलेली. महिन्यातनं एकदा, त्यांच्याकडं, त्यांच्या हातानं. मधल्या दिवसांत टाचा नाहीत, आरसा नाही, मोबाइल नाही. “चुकलास तर रागावणार नाही, पण मला सांग.” पहिल्या महिन्यात मी अकरा वेळा चुकलो. सहाव्यात एकदा. नंतर तेच म्हणाले, आता सहा महिन्यांनी ये.

तुम्ही म्हणाल, त्या डॉक्टरांना वेळ आहे, आमच्याकडं रांग असते. बरोबर आहे. पण हिशोब करून बघा. माझ्यासाठी पाच महिन्यांत किती दारं उघडली, किती मशिनं चालली, मिरजेच्या त्या स्ट्रेचरवरच्या म्हातारीच्या वाट्याची किती मिनिटं मी खाल्ली. शेवटी लागली ती पंचवीस मिनिटं. ती पहिल्या दिवशी लागली असती तर बाकीचं बरंचसं वाचलं असतं.

कोर्टाची भीती मी समजू शकतो, त्या भीतीवर माझं पोट आहे. एमआरआय लिहून टाकला की तुमची फाइल भक्कम होते. पण फाइल भक्कम करायला टेस्टच लागते असं नाही. जोर तपासला, रिफ्लेक्स तपासले, जीभ बघितली, अमुक लक्षण दिसलं तर लगेच या असं बजावलं, एवढं तुमच्या अक्षरात असलं तरी तो पुरावाच. हे मी पॉलिसी विकणारा म्हणून सांगतोय, नुकसान सोसून.

आणि तुमच्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, ते तुम्ही सांगत का नाही तेच मला कळत नाही. ठणठणीत माणसांची १९६३ साली अमेरिकेत पाहणी झाली तेव्हा त्यातल्या सुमारे ७० टक्के लोकांनी आपले स्नायू कधी ना कधी उडतात असं सांगितलं होतं. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी निरुपद्रवी फडफड असलेल्या १२१ जणांचा दोन ते बत्तीस वर्षांनी पुन्हा तपास घेतला. १९९३ साली ते छापून आलं. त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नव्हता. एकालाही नाही. हे वाक्य मला त्या श्रावणात कुणी ऐकवायला हवं होतं.

आणखी एक, जरा खाजगीत बोलण्यासारखं. सिडनीच्या दोघा न्यूरॉलॉजिस्टनी २०१३ साली या फडफडीच्या धास्तीला वेगळं नाव देऊन एक लेख लिहिला. त्यातले पेशंट कोण होते? डॉक्टर. तुमच्यातलेच. पुस्तकातली ओळ माहीत असलेली, रात्री स्वतःची पोटरी उडाली म्हणून घाबरून सहकाऱ्याचं दार ठोठावणारी माणसं. म्हणजे हे अडाणीपणातनं होत नाही. मला यादीतलं नाव माहीत होतं, त्यांना सगळा आजार माहीत होता. तुमच्यापैकी कुणी हे पत्र वाचता वाचता अंगठ्याखालचा उंचवटा चाचपला असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पेशंटला धोक्याचं काय तेही सांगा, लपवू नका. शर्टाची बटणं लागेनात, चप्पल पायातनं निसटायला लागली, पाऊल अडखळतंय, जीभ जड झालीय, एका हाताचं मांस दिसण्याइतकं उतरलंय, असं काही असलं तर थांबायचं नाही. पण हे सांगताना ते बघायचं काम पेशंटवर सोपवू नका. नाहीतर तो उद्यापासून दिवसातनं चाळीस वेळा बटणं लावून बघेल. मी लावली आहेत. तारीख द्या, आणि बघायचं काम तुमच्याकडं ठेवा.

ज्या गावात मानसोपचाराचं कुणी नाही तिथं दवाखान्याच्या भिंतीवर १४४१६ हा आकडा लावा. सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बी-कॉम्प्लेक्सच्या कंपनीचं कॅलेंडर जिथं टांगलंय तिथं टांगलंत तरी चालेल.

मास्तर गेले. मी जाऊन आलो. त्यांच्या बाईंनी मला त्यांचं एक रेखाचित्र दिलं, कृष्णेच्या घाटाचं, हात चालत होता तेव्हाचं. ते माझ्या ऑफिसात टेबलासमोर आहे. त्यांचा आजार आणि माझी भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला मला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मी त्यांना एकदाही भेटायला गेलो नाही. घाबरत होतो. याची भरपाई कुठल्या फॉर्मवर होत नाही.

पोटरी अजून उडते. हे लिहिताना दोनदा उडाली. चहा चारवर आणलाय, बिझनेस थोडा कमी झालाय.

आपला,
एक विमा एजंट, सांगली

ता. क. टेप बायकोला परत केली तेव्हा तिनं ती बघून बाजूला टाकली. म्हणाली, “हिच्यावर मोजत होतात होय? ही जुनी झालीय, ताणून सैल पडलीय. मी हिच्यावर ब्लाउजसुद्धा बेतत नाही.”